थपडेपुरता ड्यूक

अहात्सच्या घराण्याकडे कोरोश्का देशातलं एकच काम होतं. नवा ड्यूक गादीवर बसायला आला, की त्याच्या थोबाडीत द्यायची.

रोज करायचं काम नव्हे हे. पिढीत एकदा, फार तर दोनदा. पण त्या एका थपडेच्या बदल्यात घराला सारा माफ होता, गढीची वेठ माफ होती आणि रविवारी देवळात खांबाजवळची बसायची जागा पक्की होती. गावातली बाकी माणसं आठवड्यातून तीन दिवस गढीच्या शेतावर राबत, आणि अहात्स तेवढा वेळ आपल्या कुंपणाशी उभा राहून त्यांना हवापाण्याबद्दल विचारत असे. लोकांना तो फार आवडायचा असं नाही.

रीत अशी होती. क्रन्स्की ग्रादच्या टेकडीखाली मैदानात एक दगड आहे. दगड कसला, कुठल्याशा जुन्या रोमन खांबाचं उलटं ठेवलेलं बूड. त्यावर अहात्सच्या घरातला थोरला पुरुष मांडी घालून बसे. ड्यूक समोरून पायी येई, अंगात शेतकऱ्याचा करडा डगला, एका हातात ठिपक्याठिपक्यांचा बैल, दुसऱ्या हातात तसलीच घोडी. दगडावरचा माणूस विचारी, "कोण येतंय ते?" भोवतालचे लोक म्हणत, "या देशाचा धनी येतोय." मग तो विचारी, "न्यायी आहे का? देशाचं भलं पाहील का? विधवा-अनाथांना राखील का?" लोक म्हणत, "आहे, आणि राहील." शेवटी तो विचारी, "मग मला या दगडावरून कुठल्या हक्कानं उठवणार?" त्याला उत्तर मिळे, की हा बैल, ही घोडी, अंगावरचा डगला आणि साठ दमड्या तुझ्या, आणि तुझं घर मोकळं. तेव्हा कुठं तो उठे, ड्यूकच्या गालावर हलकी चापट मारी आणि दगड रिकामा करी. ड्यूक दगडावर चढून चारी दिशांना तलवार फिरवी आणि शेतकऱ्याच्या टोपीतून साधं पाणी पिई. आपल्या मुलखात वाइन होत नाही अशातला भाग नाही, पण पहिल्या दिवशी पाणीच.

एके काळी हा देश एवढा थोरला होता म्हणतात, की व्हेरोनाच्या वेशीवरचा जकातदारसुद्धा इथल्या ड्यूकला मुजरा करायचा. मग भाऊबंदकीत जमिनीचे तुकडे पडतात तसे त्याचे पडत गेले. इस्त्रिया गेलं, क्राइना गेलं, पूर्वेचा स्टायरिया तर स्वतःच ड्यूक होऊन बसला. उरली द्रावे नदीच्या दोन्ही काठांची दरी, दक्षिणेला कारावांके डोंगरांची भिंत, उत्तरेला लोखंडाच्या खाणी आणि मधे हे मैदान. ड्यूकही बदलले. एक घराणं निर्वंश झालं, मग झेकांचा राजा आला, मग टिरोलवाले आले, मग हे आत्ताचे. राजघराणी बुडाली, थप्पड तेवढी टिकली.

शेवटची थप्पड अहात्सच्या बापानं मारली, त्याला एकोणतीस वर्षं झाली होती. अहात्स तेव्हा तिशीचा, बापाच्या मागे टोपी धरून उभा होता. बापानं मरताना त्याला जमीन कुठवर आहे ते सांगितलं नाही, वजन सांगितलं. "हे बघ," तो म्हणाला, "तान्ह्या पोराला ढेकर यावा म्हणून पाठीवर मारतो ना, त्याहून जोरात. आणि गालावरचा डास मारतो, त्याहून हळू. ह्याच्या मधे आपलं घर आहे."

त्या मधल्या जागेचा अहात्सनं एकोणतीस वर्षं सराव केला. आधी दाराच्या चौकटीवर, मग मेंढ्यावर, आणि मुलगी नेझाचं लग्न झाल्यावर जावयावर. जावई उर्बान घरजावई होता, त्यामुळे हाताशी असे. दर रविवारी देवळातून आल्यावर, वरईची लापशी पानात पडायच्या आधी, अहात्स त्याला समोर बसवून एक चापट मारी आणि विचारी, "वजन कसं होतं?"

"बरोबर होतं, मामा," उर्बान म्हणे आणि चमचा उचली. पंधरा वर्षांत त्यानं दुसरं उत्तर दिलं नव्हतं. एकदाच, लग्नाच्या पहिल्या वर्षी, "जरा जास्त" असं म्हणून पाहिलं होतं, तर अहात्सनं वजन दुरुस्त करायला आणखी चार मारल्या.

आणि मग जुना ड्यूक वारला, त्याचा पोरगा वयात आला, आणि तो पोरगा ड्यूकपेक्षा मोठा झाला. जर्मन सरदारांनी त्याला आपला राजा निवडला. राजा झालेला माणूस करडा डगला घालून बैल हाकत येईल, ही आशा गावात फक्त अहात्सला होती. तीन वर्षं तो दर वसंतात दगडाभोवतीचं गवत कापत राहिला.

गढीचा कारभारी हार्टविक हे गवत कापणं घोड्यावरून बघायचा. एक दिवस तो थांबला. "अहात्स," तो म्हणाला, "हक्क चाकरीचा असतो. तुझी चाकरी थपडेची. थप्पड नाही तर चाकरी नाही, चाकरी नाही तर हक्क नाही. नोव्हेंबरात सेंट मार्टिनचा सण आहे, तोवर वाट बघतो. नंतर तू, तुझा जावई आणि तुझी मुलगी, तिघांनी गढीच्या खळ्यावर झोडणीला यायचं. आठवड्याला तीन दिवस."

"ड्यूक येईल," अहात्स म्हणाला.

"येईल तर मी स्वतः गवत कापीन," हार्टविक म्हणाला आणि घोड्याला टाच दिली.

सप्टेंबर संपता संपता ग्रात्सहून, ड्यूकच्या दरबारातून, खरंच कुणी तरी आलं. ड्यूक नव्हे, ओस्वाल्ट नावाचा कारकून. तिशीचा, गुळगुळीत दाढीचा, मानेला लोकरी रुमाल बांधलेला. त्याची आई आमच्याकडच्या बेल्याक गावची असल्यानं त्याला आमची भाषा येत होती, म्हणूनच त्याला पाठवलं होतं. तो अहात्सच्या ओसरीवर बसला, सफरचंदाची दारू प्याला, धुरावलेलं डुकराचं मांस आणि काळा पाव खाल्ला, आणि पिशवीतून मेणाची लाल मोहोर लटकवलेला कागद काढला. हार्टविक दाराशी उभा राहून ऐकत होता.

"चांगली बातमी आहे," ओस्वाल्ट म्हणाला. "महाराज फार कामात आहेत. त्यामुळे समारंभ झाला असं समजायचं. तुमचे हक्क जसेच्या तसे राहतील. खाली तुम्ही एक फुली मारायची."

"थप्पड?" अहात्सनं विचारलं.

"मारली असं समजायचं."

"बैल?"

"मजकुरात आहे. ही बघा, तिसरी ओळ. घोडी चौथ्या ओळीत."

अहात्सला वाचता येत नव्हतं, पण तो तिसऱ्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिला. "वाचून दाखवा जरा."

ओस्वाल्टनं वाचलं. लांबलचक होतं. मधे एके ठिकाणी असं होतं, की सदर शेतकऱ्याने दगडावर बसून रीतीप्रमाणे प्रश्न विचारले आणि देशाच्या लोकांनी रीतीप्रमाणे उत्तरे दिली, हे सदर शेतकरी या खुणेने मान्य करतो.

"पण मी विचारले नाहीत," अहात्स म्हणाला.

"काका, विचारले असं समजायचंय."

"कोणी समजायचंय?"

"सगळ्यांनीच."

उर्बान चुलीपाशी उभा होता. "मामा," तो म्हणाला, "दोन रेघा आहेत हो. एक उभी, एक आडवी. मार्टिनच्या सणानंतर नेझा तिकडे झोडायला जाईल, तिला सहावा महिना आहे. मारा ना फुली."

नेझानं बापाच्या समोरचं ताट उचललं, त्यात पाव अजून शिल्लक होता तरी.

अहात्सला हे सगळं कळत होतं. फुली मारली की घर मोकळं. न मारली तर साठाव्या वर्षी वेठ, आणि पोटुशी लेक खळ्यावर. पण एकोणतीस वर्षं एका गोष्टीची वाट बघितलेल्या माणसाला ती झाली असं समज म्हणणं फार अवघड असतं, आणि खरं सांगायचं तर त्याला ती थप्पड मारायची होती. न्यायबिय हे त्याच्या मनात त्या दिवशी कुठं नव्हतं. निव्वळ हौस होती.

"त्या कागदात तुमच्याबद्दल काय लिहिलंय?" त्यानं विचारलं.

ओस्वाल्टनं शोधलं. "कागद आणणाऱ्यास आमचेच शरीर समजावे."

"मग झालं की. उद्या सकाळी दगडापाशी या. मी विचारतो, लोक उत्तर देतात, तुम्हाला एक देतो आणि फुली मारतो. घटकाभराचं काम."

ओस्वाल्टनं हार्टविककडे पाहिलं. हार्टविकनं खांदे उडवले. ओस्वाल्टला ग्रात्सला परतायची घाई होती, आणि म्हाताऱ्याशी वाद घालण्यापेक्षा थप्पड खाणं लवकर उरकेल असा त्यानं हिशेब केला. सरकारी माणसाचा हिशेब म्हणून तो चुकीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं उठल्यावर सगळं गाव मैदानात जमलं. गढीच्या शेतावरचं काम त्यासाठी बंद ठेवावं लागलं, त्यामुळे हार्टविक आधीच वैतागला होता. ओस्वाल्टला उर्बानचा करडा डगला घातला, तो त्याला दोन्ही बाजूंनी मोठा झाला. बैलाची पंचाईत होती. ग्रात्सहून बैल आला नव्हता. अखेर अहात्सनं आपलाच ठिपक्यांचा बैल आणि आपलीच घोडी कारकुनाच्या हाती दिली, म्हणजे कारकुनाला ती त्याला देता येतील. बैल ओळखीच्या माणसाकडे जाणार म्हणून खूश होता. तो ड्यूकला ओढतच घेऊन आला.

अहात्स दगडावर बसला. दगड गार होता. बापाचे कपडे त्यानं घातले होते, टोपी मांडीवर होती. आवाज चांगला लागावा म्हणून त्यानं आधी घसा खाकरला.

"कोण येतंय ते?"

"देशाचा धनी येतोय," लोक म्हणाले. जरा ढिलं म्हणाले, पण म्हणाले. मागून कुणी तरी म्हणालं, "बैल पुढं, धनी मागं," आणि थोडं हसू पसरलं.

"न्यायी आहे का?"

कुणीच काही बोललं नाही.

अहात्सला वाटलं, ऐकू गेलं नसेल. वारा कारावांकेकडून होता. त्यानं पुन्हा, मोठ्यानं विचारलं. "न्यायी आहे का तो?"

लोक बघत राहिले. कुणी जमिनीकडे, कुणी बैलाकडे. बापाच्या वेळी या जागी केवढा गलका झाला होता, टेकडीवरच्या देवळातले कावळे उडाले होते. थपडेचा सराव एकोणतीस वर्षं झाला होता. उत्तराचा सराव कुणी केलाच नव्हता.

"म्हणा की रे," हार्टविक घोड्यावरून म्हणाला. "आहे म्हणा. दोन अक्षरं आहेत."

मग येरा पुढं आली. ही अहात्सच्या कुंपणापलीकडची विधवा, पन्नाशीची, हाडापेरानं दणकट. हवापाण्याचे प्रश्न तिनं सगळ्यात जास्त ऐकले होते.

"विचारलंस म्हणून सांगते, अहात्स," ती म्हणाली. "मला माहीत नाही. मी बघितलेलं नाही त्याला. माझा बैल गढीनं नेला, गवताच्या दिवसांत वेठीची एक खेप चुकली म्हणून. न्याय मागायला गढीवर गेले, तर म्हणाले ड्यूककडं जा. ड्यूक कुठंय विचारलं, तर म्हणाले लांब आहे. आता हा इथं उभा आहे तो ड्यूकच असेल, तर ह्यालाच विचारते." ती ओस्वाल्टकडे वळली. "माझा बैल कुठंय, महाराज?"

ओस्वाल्टनं हातातल्या बैलाकडे पाहिलं, मग घाईनं म्हणाला, "बाई, मी फक्त थपडेपुरता ड्यूक आहे."

"म्हणजे मारायला तू, आणि ऐकायला कुणी नाही."

"बाई, नीट बोला," हार्टविक म्हणाला.

"मी नीटच बोलतेय. ह्यानं विचारलं. ह्याच्या बापानं विचारलं तेव्हा मी पण 'आहे' म्हणून ओरडले होते, घसा बसेपर्यंत. तेव्हा तो समोर होता, त्याच्या डोळ्यांत बघून ओरडले. आता कुणाच्या डोळ्यांत बघू? मोहरेच्या?"

आणखी एक जण म्हणाला की रानात लाकडं तोडायची बंदी कुणी घातली तेही विचारावं. दुसरा म्हणाला की गवताची वेठ दोन दिवसांची तीन दिवस कधी झाली. मग सगळे पुन्हा गप्प झाले, कारण हार्टविक कोण काय बोललं ते लक्षात ठेवत होता आणि ते दिसत होतं.

अहात्स दगडावर बसून होता. येराचा बैल नेला ते त्याला माहीत होतं. त्या दिवशी तो कुंपणाशीच उभा होता. "दमट हवा आहे आज," असं तो तिला म्हणाला होता. तेच वाक्य आता त्याला आठवलं आणि लाज वाटली. इतकी वर्षं तो एका प्रश्नाच्या जिवावर मोकळा राहत आला होता, आणि तो प्रश्न खरोखरच प्रश्न आहे हे त्याच्या ध्यानात कधी आलं नव्हतं.

त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी ओरडून नव्हे, शेजाऱ्याला विचारावं तसं. "न्यायी आहे का?"

कुणी बोललं नाही.

ओस्वाल्ट वाईट माणूस नव्हता. तो बैलाला घेऊन दगडाजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, ऐका माझं. माझी आई अशाच गावातली आहे. तुम्ही मारा एक, मी लिहितो की उत्तर आलं. उद्या मी इथं नसेन, पण तुमचं घर राहील." आणि त्यानं मानेचा रुमाल सोडून गाल पुढं केला. गाल चांगला होता. गुळगुळीत, रुंद, हात बसावा असा.

अहात्सनं हात उचलला. वजन हातात अगदी बरोबर आलं होतं, डास आणि बाळ यांच्या मधोमध. इतकं बरोबर ते चौकटीवर कधी आलं नव्हतं, मेंढ्यावर नाही आणि जावयावरही नाही. अहात्सला ती थप्पड फार हवी होती.

त्यानं हात खाली घेतला आणि मांडीवरच्या टोपीवर ठेवला.

"उत्तराशिवाय लागू होत नाही ती," तो म्हणाला.

"मग दगडावरून उठा तरी."

"उठलो की झालं असं समजाल तुम्ही. तुमच्यात समजायची फार सवय आहे. मी आपला बसतो."

तो दुपारपर्यंत बसला. लोक पांगले, कारण हार्टविकनं त्यांना कामावर हाकलं. ओस्वाल्टनं डगला घडी करून दगडाजवळ ठेवला, मोहोर असलेला कागद पिशवीत घातला आणि तो निघून गेला. जाताना त्यानं कागदाच्या पाठीवर काय लिहिलं ते त्यालाच ठाऊक. ग्रात्समध्ये त्यानं फारसा फरक पडला नसावा. ड्यूक ड्यूक राहिलाच.

नेझा बापाला न्यायला आली. "चला," ती म्हणाली. "बैल आधीच घरी गेलाय."

मार्टिनच्या सणापर्यंत उर्बान सासऱ्याशी बोलला नाही. रविवारी लापशीच्या आधी तो सवयीनं समोर येऊन बसे आणि अहात्स हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघे. मग दोघं गुपचूप जेवत. नेझाला गढीनं गरोदरपणापुरती सूट दिली, पण ते दिवस उर्बानच्या नावावर चढवले. म्हणजे उर्बानला आठवड्याचे सहा दिवस. देवळातली खांबाजवळची जागा कारभाऱ्याच्या बायकोनं घेतली.

सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अहात्स झोडायचं दांडकं खांद्यावर टाकून गढीच्या खळ्याकडे निघाला. उर्बान दहा पावलं पुढं चालत होता. रस्त्यात अहात्सला आपलंच कुंपण बाहेरून दिसलं. या बाजूनं त्यानं ते कधी नीट बघितलंच नव्हतं. दोन ठिकाणी मोडलेलं होतं.

त्याला सगळ्यात भीती कसली वाटत होती, तर ते सगळे त्याला हवापाण्याबद्दल विचारतील याची. त्यांचा तो हक्क होता. त्यानं रस्ताभर उत्तर तयार केलं, आणि ते धड जमलं नाही.

खळ्याचं दार उघडं होतं. आत राय धान्याच्या पेंढ्या पसरलेल्या, चार-चार माणसं समोरासमोर उभी राहून झोडत होती आणि दांडक्यांचा ठेका धरला होता. अहात्स दारात आला तसा ठेका थांबला. मधे येरा एका उलट्या टोपलीवर बसून पेंढ्या बांधत होती. तिनं वर पाहिलं. ती उठली नाही. तिनं मांडी घातली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि चेहऱ्यावरची माशीही हलू न देता विचारलं, "कोण येतंय ते?"

अहात्सला वाटलं, आता चेष्टा होणार. तो दारातच थांबला.

"अहात्स येतोय," कोपऱ्यातला एक जण म्हणाला. "आमच्या गावचा."

"न्यायी आहे का?"

अहात्सला ते मैदान आठवलं. मग झोडणारे सगळे एकदम म्हणाले, "आहे." आणि तोंडात खिळा धरून दांडक्याचं चामडं ठोकत बसलेला एक म्हातारा मागाहून म्हणाला, "आणि राहील."

"विधवांचे बैल राखील का?"

"बैल नेताना शेजारी उभा राहील, पण हवेबद्दल बोलणार नाही," तोच म्हातारा म्हणाला. आता मात्र सगळे हसले. अहात्सही हसला, जरा उशिरा.

"ये मग," येरा म्हणाली. "थप्पड राहिली. पण मला वजन ठाऊक नाही, मी जोरात मारीन. ते तुमच्या घरचं काम आहे." तिनं उर्बानकडे हनुवटी केली.

उर्बाननं दांडकं भिंतीला टेकवलं. तो सासऱ्यासमोर येऊन उभा राहिला, हाताचा भुसा डगल्याला पुसला. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, पंधरा वर्षं रविवारी गाल पुढं करून करून तो चेहरा तसाच झाला होता. त्यानं हात उचलला आणि अहात्सच्या गालावर एक दिली.

एकोणतीस वर्षांत अहात्सनं ही थप्पड हजारो वेळा मारली होती. खाल्ली आज पहिल्यांदा. ती नेमकी बापाची होती. बाळाहून जोरात, डासाहून हळू, त्या मधल्या जागेची. बापाच्या हातातून त्याच्या हातात आलेली ती चीज जावयाच्या गालात पंधरा वर्षं साठत गेली होती, आणि कुणालाच, अगदी मारणाऱ्यालाही, त्याचा पत्ता नव्हता. अहात्सला एकदम बापाची फार आठवण झाली.

उर्बाननं सासऱ्याच्या डोक्यावरची टोपी काढली, दाराशेजारच्या पिंपात बुडवली आणि पाणी ठिबकत असलेली तशीच पुढं धरली. पाणी गार होतं, त्याला जुन्या लोकरीचा वास होता. अहात्स सगळं प्याला.

"वजन कसं होतं, मामा?" उर्बाननं विचारलं. सात आठवड्यांत तो पहिल्यांदा बोलला होता.

अहात्सनं ओली टोपी डोक्यावर घातली आणि जिथं तिघंच झोडत होते तिथल्या मोकळ्या जागेवर जाऊन चौथा उभा राहिला.

"जरा जास्त," तो म्हणाला आणि दांडकं उचललं.